जुना डिझेल ट्रॅक्टर सकाळी का अडतो?

पौष महिन्यातील पहाट असते. गव्हाला पाणी द्यावयाचे म्हणून शेतकरी विहिरीवर जातो, इंजिनाच्या माथ्यावरील डिकॉम्प्रेशनचा खटका उचलतो आणि हँडल मारू लागतो. प्रथम फ्लायव्हील जड वाटते; मग दर फेऱ्यागणिक ते हलके होत जाते. पुरेसा वेग आला असे हाताला जाणवताच तो खटका सोडतो. इंजिन एक उचकी देते, दुसरी देते आणि धुराच्या नळीतून ठोके पडू लागतात. किर्लोस्करचे, कूपरचे किंवा राजकोटकडील लिस्टर धर्तीचे इंजिन ज्यांनी वापरले आहे त्यांस हा अनुभव नवा नाही. परंतु तोच शेतकरी त्याच सकाळी आपल्या जुन्या ट्रॅक्टरवर बसून सेल्फ मारतो आणि इंजिन नुसतेच कुरकुरत राहते, तेव्हा विहिरीवरचे हे ज्ञान त्याच्या उपयोगी पडत नाही. "थंडीने ट्रॅक्टर अडला" असे म्हणून तो एअर क्लीनरच्या तोंडाशी जळता बोळा धरतो, अथवा चार माणसे जमवून ट्रॅक्टर उतारावरून लोटतो.

थंडीवर ठेवलेला हा ठपका बहुधा खरा नसतो. महाराष्ट्रात जे जुने ट्रॅक्टर अद्याप कामावर आहेत, त्यांपैकी पुष्कळांचे मूळ घराणे थंड मुलखातील आहे. इंटरनॅशनल बी-२७५ हा इंग्लंडमधील डॉन्कॅस्टर येथील कारखान्याचा आराखडा. १९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाने तो मुंबईत कांदिवली येथे बनविण्यास घेतला. टॅफे कंपनीचे मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर कॉव्हेंट्रीच्या परंपरेतील आहेत. पिंजोर येथे १९७१ पासून तयार होऊ लागलेला एचएमटी २५११ हा त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातील झेटॉर ट्रॅक्टरचा वंशज होय. त्या देशांत हिवाळ्यात पारा गोठणबिंदूच्या खाली जाणे ही नित्याची बाब आहे, आणि तेथील शेतकरी अशा सकाळीही हेच ट्रॅक्टर सुरू करीत असत. आपल्याकडे निफाडसारख्या थंडीबद्दल प्रसिद्ध असलेल्या ठिकाणीसुद्धा पारा पाच अंश सेंटिग्रेडच्या खाली क्वचितच उतरतो. डॉन्कॅस्टरच्या बर्फात सुरू होणारे इंजिन निफाडच्या गारठ्यात अडत असेल, तर दोष हवेत नसून इंजिनात किंवा त्याच्या बॅटरीत आहे असेच समजले पाहिजे. तो दोष नेमका कोणता हे ओळखण्यासाठी डिझेल इंजिन पेट कसा घेते, आणि तो पेट मिळविण्यासाठी पूर्वीच्या ट्रॅक्टरांत काय काय युक्त्या योजिल्या होत्या, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

ठिणगीवाचून आग

पेट्रोल इंजिनात वीज ठिणगी पाडते. डिझेल इंजिनात ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेल यांनी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ साली जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्यात केवळ हवा दाबून ती तापविण्याचे तत्त्व होते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरावे आणि दट्ट्या भराभर मारावा, म्हणजे पंपाचे टोक हाताला गरम लागते. तोच दट्ट्या सावकाश ढकलला तर पंप थंडच राहतो. कारण दाबलेली हवा चामड्याच्या कडेने निसटते आणि जी थोडी उष्णता झाली असेल ती पंपाच्या धातूत मुरून जाते. डिझेल इंजिनातील सर्व रहस्य या दोन अनुभवांत सामावलेले आहे. सिलिंडरमधील हवा मूळ जागेच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्शात कोंबली जाते आणि चालत्या इंजिनात तिचे उष्णतामान पाचशे अंश सेंटिग्रेड वा त्याहून अधिक होते. अशा तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटला की तो आपोआप पेटतो.

म्हणून पहिल्या पेटीसाठी तीन गोष्टी जमून याव्या लागतात. हवा निसटू नये, म्हणजे रिंगा, लायनर आणि व्हॉल्व्ह घट्ट असावेत. हवा झपाट्याने दाबली जावी, म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरावे. मिनिटास शंभरच्या आसपास तरी फेरे पडावेत अशी सामान्यतः अपेक्षा असते. आणि सिलिंडरचे अंग इतके गार नसावे की झालेली ऊब त्याने तत्काळ शोषून घ्यावी. घट्टपणा, वेग आणि ऊब या तिहींपैकी एक थोडी उणी असली तर उरलेल्या दोन ती भरून काढतात. दोन उण्या असल्या तर इंजिन सुरू होत नाही.

येथे एक अडचण उभी राहते. हवा जितकी घट्ट कोंबावी तितके इंजिन हाताने फिरविणे कठीण होते. पेट्रोल ट्रॅक्टरच्या इंजिनात हवा चौथ्या ते सहाव्या हिश्शापर्यंतच दाबली जात असल्याने एक माणूस हँडल मारून तो सुरू करू शके. डिझेलच्या मोठ्या इंजिनापुढे तोच माणूस हतबल होई. जुन्या डिझेल ट्रॅक्टरांच्या सुरू करण्याच्या सर्व रीती म्हणजे या अडचणीतून काढलेल्या वेगवेगळ्या वाटा आहेत.

बत्ती, कागद आणि काडतूस

जर्मनीतील मानहाइम येथील हाइनरिख लान्झ कंपनीने १९२१ साली बुलडॉग नावाचा बारा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बाजारात आणला. फ्रिट्झ हूबर हे त्याचे रचनाकार. काटेकोरपणे पाहता हे पूर्ण डिझेल इंजिन नव्हे, अर्धडिझेल होय. त्यात हवा फारशी घट्ट दाबली जात नसे. त्याऐवजी सिलिंडरच्या टोकाशी एक लोखंडी गोळा असे, आणि हा गोळा स्टोव्हसारख्या ज्योतीच्या बत्तीने काही मिनिटे तापवावा लागे. गोळा पुरेसा तापला की चालक स्टिअरिंगचे चाक त्याच्या दांड्यासह उपसून काढी, ते फ्लायव्हीलच्या मध्यभागी खोवी आणि इंजिनाला मागेपुढे झोके देई. अशा एखाद्या झोक्यास इंजिन पेट घेई. मग चाक काढून पुन्हा स्टिअरिंगच्या जागी बसवावयाचे. हाती चाक, समोर पेटती बत्ती आणि धडधडू लागलेला ट्रॅक्टर, असा तो प्रकार असे.

या इंजिनाचा एक स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. दोन धावांचे असल्यामुळे ते उलटही फिरू शके; इतके की सुरुवातीच्या बुलडॉगला मागे जाण्याचा गिअर दिलेला नव्हता, इंजिनच उलटे फिरवून ट्रॅक्टर मागे नेत असत. मात्र सुरू करताना ते चालकाच्या नकळत उलट फिरू लागले, तर क्लच सोडताच ट्रॅक्टर पुढे जाण्याऐवजी मागे येई. पुढे या ट्रॅक्टरांवर विजेची मोटर आली, तेव्हा तीही इंजिनाला एकाच दिशेने न फिरवता माणसाप्रमाणे मागेपुढे झोके देई. पोलंडमध्ये १९४७ पासून बनलेला उर्सुस सी-४५ हा याच बुलडॉगचा प्रतिरूप होय.

इंग्लंडमधील गेन्सबरो येथील मार्शल कंपनीने निराळी वाट धरली. तिचा फील्ड मार्शल हा ट्रॅक्टर १९४५ ते १९५७ या काळात तयार होत होता. एकच सिलिंडर, त्याचा व्यास सहा इंच आणि दट्ट्याची धाव नऊ इंच. एवढ्या मोठ्या सिलिंडरातील हवेला हँडलने रेटून नेणे माणसाच्या आटोक्यातील नव्हते. म्हणून फ्लायव्हीलच्या कडेवर मळसूत्रासारखी एक खाच कोरलेली असे आणि तीत एक लहानशी चकती बसविता येई. चालक हँडल मारी तशी चकती खाचेतून सरकत जाई आणि तोपर्यंत डिकॉम्प्रेशनचा व्हॉल्व्ह उघडा राही. ठरावीक फेरे पुरे होताच चकती खाचेबाहेर पडे, व्हॉल्व्ह मिटे आणि जड फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या जोरावर दट्ट्या दाबाच्या टोकापलीकडे ढकलला जाई. विहिरीवरील शेतकरी जो खटका अंदाजाने सोडतो, तो येथे यंत्र स्वतः मोजून सोडीत असे.

वेगाची सोय अशी झाली. उबेची सोय कागदाने केली. सोरा लावून वाळविलेल्या कागदाची गुंडाळी एका पेचाच्या टोकाशी धरून ती पेटवावयाची, म्हणजे ज्वाला न होता ती उदबत्तीसारखी धुमसत राही. हा पेच सिलिंडरच्या टोपीत घट्ट फिरवून बसविला की आत एक निखारा तयार असे आणि डिझेलचा पहिला फवारा त्याच्याशी पेटे. जर्मनीतील एकसिलिंडरी लहान ट्रॅक्टरांतही असा धुमसता कागद वापरला जाई. अगदी स्वस्त आणि साधी योजना. मात्र कागद दमट झाला की ती फसे.

ज्या दिवशी हँडल मारण्यास अंगी बळ नसे, त्या दिवसासाठी फील्ड मार्शलला काडतूस होते. बारा बोअरच्या बंदुकीच्या काडतुसासारखे, परंतु छरे नसलेले, दारूचे काडतूस एका नळीत घालावयाचे, दट्ट्या दाबाच्या टोकापासून किंचित पुढे गेलेला आहे याची खात्री करून घ्यावयाची आणि नळीच्या मागील खिळ्यावर हातोडीचा ठोका द्यावयाचा. स्फोटाचा वायू दट्ट्यास ढकले आणि इंजिन सुरू होई. दट्ट्याची जागा चुकली तर काडतूस फुकट जाई किंवा इंजिनाला उलटा हिसका बसे. दररोज सकाळी एक काडतूस खर्ची घालणे कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारे नव्हते. त्यामुळे ही सोय प्रायः अडीअडचणीसाठीच उरली.

पेट्रोलचा आधार

अमेरिकेतील कारखानदारांनी मात्र आगीशी आणि दारूशी खेळ न करता पेट्रोलचा आश्रय घेतला, व तोही दोन प्रकारे.

कॅटरपिलर कंपनीने १९३१ साली डिझेल सिक्स्टी हा साखळीचा ट्रॅक्टर काढला. त्याच्या मोठ्या इंजिनाशेजारी दोन सिलिंडरांचे एक लहान पेट्रोल इंजिन बसविलेले होते. लहान इंजिन प्रथम हाताने सुरू करावयाचे आणि त्याने मोठ्यास फिरवावयाचे. या योजनेचे खरे मर्म घाईत नसून धीरात होते. त्या कंपनीच्या ट्रॅक्टरांत लहान इंजिनाचे थंडावा देणारे पाणी मोठ्या इंजिनात खेळत असे आणि त्याच्या धुराची उष्णता मोठ्याच्या हवेच्या वाटेला मिळत असे. डिकॉम्प्रेशन उघडे ठेवून काही मिनिटे मोठे इंजिन नुसतेच फिरू द्यावे, म्हणजे तेल सर्व बेअरिंगांपर्यंत पोहोचे, पाणी कोमट होई, आणि मग दाब व डिझेल दिले की कसलाही धडाका न होता इंजिन चालू लागे. वेग, ऊब आणि वंगण ही तिन्ही एकाच वेळी साधणारी यापेक्षा चांगली रीत जुन्या ट्रॅक्टरांत सापडत नाही. जॉन डीअर कंपनीनेही आपल्या पहिल्या डिझेल ट्रॅक्टरसाठी, म्हणजे १९४९ सालच्या आर मॉडेलसाठी, असेच दोन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन जोडीस दिले होते.

रशियात १९४९ पासून बनलेला साखळीचा डीटी-५४ आणि मिन्स्क येथे १९५३ पासून बनलेला एमटीझेड-२ यांवर पीडी-१० नावाचे दहा अश्वशक्तीचे एकसिलिंडरी पेट्रोल इंजिन असे. त्याच्या फ्लायव्हीलभोवती दोरी गुंडाळून ती ओढावयाची असे. राजस्थानातील सुरतगढ येथील मध्यवर्ती शेतीक्षेत्र १९५६ साली सोव्हिएत यंत्रसामग्रीवरच उभे राहिले, आणि पुढील काळात रशियन ट्रॅक्टर भारतात अनेक ठिकाणी आले. दोरीच्या बाबतीत एक दंडक होता आणि तो आजही कोणत्याही दोरीच्या इंजिनास लागू आहे: दोरी मुठीत धरावी, परंतु हाताभोवती वेढा देऊन कधीही गुंडाळू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर सुटी दोरी हातातून निसटून जाते. गुंडाळलेली दोरी हातच ओढून नेते.

इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची रीत याहून निराळी. तिच्या १९३५ सालच्या डब्ल्यूडी-४० या चाकांच्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये आणि त्यानंतरच्या कित्येक मॉडेलांत जोड इंजिन नव्हतेच. एकाच इंजिनाला दोन सोंगे दिलेली होती. एक दांडा ओढला की प्रत्येक सिलिंडरमध्ये एक जादा व्हॉल्व्ह उघडून हवेला अधिक जागा मिळे, दाब कमी होई, हवेची वाट कार्ब्युरेटरमधून वळे आणि मॅग्नेटो ठिणग्या पाडू लागे. अशा रीतीने ते इंजिन पेट्रोलवर हँडलने सुरू होई. सुमारे मिनिटभर तसे चालवून दांडा परत ढकलला की तेच इंजिन डिझेलवर जाई. कल्पना चतुर खरी. परंतु दिवसातून एकच मिनिट कामास येणारा कार्ब्युरेटर आणि मॅग्नेटो यांची निगा कोण ठेवणार? पेट्रोल भांड्यात शिळे होई, प्लगवर काजळी चढे आणि अखेर डिझेलचे उत्तम इंजिन पेट्रोलच्या दुखण्याने बंद पडे.

सेल्फ आणि हीटर

विजेच्या मोटरने, म्हणजे आपण ज्यास सेल्फ म्हणतो त्याने, हे सर्व प्रकार हळूहळू मागे पडले. सेल्फ वेग देतो. ऊब देत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी निरनिराळ्या कारखान्यांनी निरनिराळी साधने जोडली, आणि आपल्याकडील जुने ट्रॅक्टर ज्या साधनांवर अवलंबून आहेत ती हीच होत.

काही इंजिनांत प्रत्येक सिलिंडरच्या पूर्वकोठडीत एक हीटर प्लग असतो. सेल्फ मारण्यापूर्वी त्याची तार लाल होऊ द्यावयाची असते. जुन्या धर्तीचे असे प्लग माळेतील मण्यांप्रमाणे एकापाठोपाठ एक जोडलेले असत. त्यामुळे एका प्लगची तार तुटली की सगळेच थंड पडत. मालकास वाटे की चारही प्लग जळाले, आणि तो चारही नवे आणावयास धावे. वस्तुतः एकच तपासून बदलला तरी काम भागे. पर्किन्सच्या तीनसिलिंडरी इंजिनासारख्या इंजिनांत थर्मोस्टार्ट नावाचे साधन हवेच्या मॅनिफोल्डमध्ये बसविलेले असते. किल्ली हीटरच्या खुणेवर धरली की आतील तार तापते, त्या उष्णतेने एक सूक्ष्म वाट उघडून डिझेलचे थेंब तारेवर पडतात, आणि सेल्फ फिरून हवा आत ओढली जाताच तेथे लहानशी ज्योत होऊन गरम हवा सिलिंडरांत जाते. यासाठी पंधरा-वीस सेकंद धीर धरावा लागतो. आपल्याकडे पुष्कळ चालक हा धीर धरीत नाहीत, कारण उन्हाळाभर त्याची गरज पडलेली नसते, आणि थर्मोस्टार्टची तार किंवा तिला डिझेल पुरविणारी नळी तुटलेली असली तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही. फोर्डसन मेजरच्या १९५२ पासूनच्या डिझेल ट्रॅक्टरमध्ये निराळीच युक्ती होती: पंपावरील एक खटका दाबला की सुरू होताना नेहमीपेक्षा जास्त डिझेल आत जाई. तो ट्रॅक्टर सहज सुरू होण्याबद्दल नावाजला गेला.

सेल्फ असूनही इंजिन मुळात थंडीस हट्टी असेल तर काय होते, याचे उदाहरण मॅसी फर्ग्युसन ३५ या ट्रॅक्टरने दिले. १९५७ सालच्या त्याच्या चारसिलिंडरी डिझेल इंजिनाविषयी थंडीत सुरू न होण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९५९ मध्ये कंपनीने त्या जागी पर्किन्सचे तीनसिलिंडरी इंजिन बसविले. ते बदलताच त्या ट्रॅक्टरचा लौकिक पालटला.

गावठी उपाय काय सांगतात

आता निफाडच्या त्या सकाळीकडे वळू. मालकाने जो उपाय केला आणि ज्या उपायाने ट्रॅक्टर सुरू झाला, तो उपायच रोगाचे निदान सांगून जातो. तो नीट वाचता आला पाहिजे.

ट्रॅक्टर सेल्फने अडतो, परंतु दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताच चटकन सुरू होतो, असे असेल तर इंजिनात घट्टपणा आणि ऊब पुरेशी आहे. उणा होता तो केवळ वेग. अशा वेळी रिंगा बदलण्याचा खर्च करणे व्यर्थ आहे. दोष बॅटरीत, तिच्या जाड तारांत किंवा सेल्फमध्ये शोधावा. सेल्फला क्षणभर शेकडो अँपिअर वीज लागते. तारेच्या टोकावर हिरवट-पांढरा क्षार साचला असेल, अथवा अर्थची तार रंगावर किंवा गंजावर आवळलेली असेल, तर दिवे लख्ख लागतात पण सेल्फ रडतो. सेल्फ फिरत असता बॅटरीचे व्होल्टेज साडेनऊ-दहाच्या खाली जात असेल तर बॅटरी दुबळी समजावी. हायड्रोमीटरने पाहता पुरी भारित बॅटरी १.२५ ते १.२८ दाखविते, १.२० किंवा कमी दिसले तर ती प्रथम चार्ज करावी. नवी तार बसविताना मोटारगाडीची बारीक तार बसविण्याचा मोह टाळावा. हिवाळ्यात गरजेहून दाट तेल इंजिनात असेल तर चांगला सेल्फही थकतो. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेत हिवाळ्यासाठी जे तेल सांगितले असेल तेच घालावे.

ओढूनही लवकर सुरू होत नाही, मात्र गरम हवा दिली की होतो, आणि एकदा तापल्यावर दिवसभर अडत नाही, असे असेल तर प्रथम हीटर प्लग वा थर्मोस्टार्ट काम करतो की नाही हे पाहावे. तो ठीक असूनही हीच स्थिती असेल तर घट्टपणा कमी झाला आहे. सेल्फ फिरताना एका लयीत "घर्र घर्र" न होता मध्येच एखादा फेरा हलका जात असेल तर त्या सिलिंडरमधून हवा निसटत आहे हे कानालाच कळते. येथेही लगेच इंजिन उघडण्याचे कारण नाही; व्हॉल्व्हच्या टॅपेटांत अंतर उरले नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही व तोच परिणाम दिसतो. टॅपेट लावणे हे तासाभराचे काम आहे. त्यानंतर रिंगा, लायनर यांचा विचार करावा.

धुराकडेही पाहावे. सेल्फ फिरत असता धुराच्या नळीतून पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरांत पोहोचत आहे परंतु पेटत नाही. वर सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी काहीतरी उणे आहे. धूर मुळीच नसेल तर डिझेलच आत जात नाही. अशा वेळी बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारीत राहणे निष्फळ आहे. टाकीची तोटी, फिल्टर आणि नळ्यांत शिरलेली हवा पाहावी. फिल्टरवरील पेच सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे थांबून नुसते डिझेल वाहू लागले की पेच आवळावा. त्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी: आदल्या संध्याकाळी इंजिन बंद करण्यासाठी ओढलेले बटण परत आत ढकलले आहे काय? हे विसरल्यामुळे फुकट गेलेल्या सकाळी थोड्या नाहीत.

आणि सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये; मध्ये अर्धा-एक मिनिट बॅटरीस व मोटरीस विश्रांती द्यावी.

जिवावरचे उपाय

जळत्या बोळ्याने एअर क्लीनरमधील तेल पेटू शकते, आणि बोळ्याचा तुकडा आत ओढला गेला तर तो व्हॉल्व्हखाली सापडतो. याहून घातक म्हणजे ईथर किंवा ते मिसळलेला फवारा. ईथर डिझेलच्या मानाने फारच कमी उष्णतेला पेटते. त्यामुळे दट्ट्या वर येत असतानाच स्फोट होऊन तो खाली ढकलला जातो. रिंगा तुटतात, दट्ट्याचे काठ फुटतात, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्या इंजिनाचा घट्टपणा आधीच कमी झाला आहे त्यातील उरलासुरला घट्टपणा अशा रीतीने जातो, आणि मग त्या इंजिनास ईथरचे व्यसन लागले असे लोक म्हणतात. हीटर प्लग किंवा थर्मोस्टार्ट तापलेला असताना ईथर दिले तर मॅनिफोल्डमध्येच भडका उडतो व तो फवारणाऱ्याच्या तोंडावर येतो. ज्या ट्रॅक्टरवर ही साधने आहेत तेथे ईथर वापरूच नये.

हँडल मारावयाचे असेल तर अंगठा इतर बोटांच्या बाजूलाच ठेवावा, हँडल खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये. इंजिनाने उलटा हिसका दिला तर अशी मूठ आपोआप उघडते. अंगठ्याने वेढलेली मूठ मनगट मोडून घेते. उपरणे, मफलर, सैल बाह्या, पदर यांची फ्लायव्हीलजवळ सावधगिरी बाळगावी हे विहिरीवरील इंजिनाच्या मालकांस नव्याने सांगावयास नको, तरी असे अपघात घडतातच.

उतारावर ट्रॅक्टर लावून ठेवण्याची चाल तर इतकी रूढ झाली आहे की काही वाड्यांपुढे त्यासाठी मातीचा चढ मुद्दाम घातलेला दिसतो. बॅटरीच्या किमतीची बचत म्हणून हे केले जाते. ब्रेकचे दट्टे सुटून किंवा चाकाखालचा दगड सरकून रात्रीबेरात्री तो ट्रॅक्टर आपोआप चालू लागला तर खाली अंगण असते आणि अंगणात मुले असतात. पायऱ्या, विहिरीचा काठ, गोठा यांच्या रोखाने तर ट्रॅक्टर उतारावर कधीही उभा करू नये.

सर्वांत मोठा धोका मात्र सेल्फच्या दोन टर्मिनलांवर पेचकस टेकवून ट्रॅक्टर सुरू करण्यात आहे. किल्ली बिघडली, स्विच काम देईना, म्हणजे चालक खाली उतरतो, मागील मोठ्या चाकापुढे उभा राहतो आणि पेचकस लावतो. ठिणगी उडते, इंजिन सुरू होते. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर त्याच क्षणी तो पुढे निघतो, आणि चाकासमोर स्वतः चालकच असतो. हा अपघात अननुभवी माणसाचा नसतो. पुष्कळदा पंधरा-वीस वर्षे ट्रॅक्टर चालविलेल्या माणसाचा असतो, कारण तोवर शेकडो वेळा काहीच झालेले नसते. हे संकट जुन्या रचनाकारांनी ओळखलेले होते. कॉव्हेंट्री येथे १९४६ पासून बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरवर सेल्फसाठी निराळे बटण दिलेच नव्हते. गिअरचा दांडाच 'एस' या खुणेकडे ढकलावा लागे, म्हणजे गिअरमध्ये असताना सेल्फ फिरणेच अशक्य. पुढील अनेक ट्रॅक्टरांत हेच काम क्लचखालील किंवा गिअरपेटीवरील लहानशा स्विचने होते. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय अथवा गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ फिरू नये, हाच त्याचा हेतू.

हा स्विच बिघडला म्हणजे दोन तारा एकत्र पिळून त्याला बगल देण्याची पद्धत कित्येक मिस्त्रींकडे आहे. मालकाने आपल्या ट्रॅक्टरची ही तार स्वतः पाहावी. ती पिळलेली आढळली तर नवा स्विच बसवून घ्यावा, आणि तो मिळेपर्यंत ट्रॅक्टर सुरू करताना चालक आसनावर बसलेला, क्लच दाबलेला आणि गिअर न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय कोणासही सेल्फला हात लावू देऊ नये.